सिगारेट सोडली, तंबाखू नाही

खराडीतल्या कुठल्याही आयटी पार्कच्या फाटकाबाहेर सकाळी अकराच्या सुमारास उभे राहा. गळ्यात ओळखपत्र, एका हातात कटिंग चहा आणि दुसऱ्या हातात सिगारेट घेतलेली पंचवीस-तीस पोरं-पोरी तिथे हमखास दिसतील. टपरीवाला पाकिटातून एकेक सिगारेट काढून देतो. लायटर दोरीला बांधलेला असतो. दहा मिनिटांत हा घोळका आत जातो, दुसरा बाहेर येतो.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षं या घोळक्यात होता. गेल्या वर्षी तो त्यातून बाहेर पडला, निदान आम्हाला तसं वाटलं. दुबईत नोकरी करणाऱ्या त्याच्या मित्राने सुट्टीवर येताना एक यंत्र आणलं होतं. जाडसर पेनासारखं, चार्जिंगवर चालणारं. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढी कांडी खोचायची, बटण दाबायचं, थोडं थांबायचं आणि ओढायचं. राख नाही, काडी नाही, कपड्यांना फारसा वास नाही. तीन आठवड्यांनी भावाने घरी जाहीर केलं, “अम्मी, मैं सिगरेट छोड दिया.”

अम्मीने त्या रात्री शुकराण्याची दोन रकात नमाज पढली. कारण आमचे अब्बा बिडीने गेले. बीडहून नगर रस्त्याने पुण्यात आलेला तो माणूस शेवटची चार वर्षं रात्री उशीला टेकून बसूनच झोपायचा. चंदननगरच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये त्यांच्या श्वासाची शिट्टी पहाटेच्या अजानपर्यंत ऐकू यायची. ते ऐकत मोठा झालेला मुलगा पुन्हा तेच ओढतो, याचं दुःख अम्मीला फार होतं. तो सुटला म्हटल्यावर ती हलकी झाली. मीही झालो. दोन-चार मित्रांना मी अभिमानाने सांगितलंसुद्धा, की बघा, तंत्रज्ञानाने काम केलं.

मी चुकलो होतो. त्या चुकीबद्दल लिहिणं गरजेचं वाटतं, कारण आमच्यासारखीच चूक आज पुष्कळ घरांत होत असणार.

हे यंत्र आहे तरी काय?

सर्वांत मोठा घोळ नावापासून सुरू होतो. आपल्याकडे अशा सगळ्या वस्तूंना सरसकट ‘व्हेप’ म्हणतात. पण व्हेपमध्ये निकोटिन मिसळलेला द्रव असतो, त्यात तंबाखूचं पान नसतं. भावाच्या यंत्रात खरीखुरी तंबाखू होती. फरक एवढाच की ती जळत नाही, तापते. सिगारेटचं टोक झुरका घेताना ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. या यंत्रात कांडीतली तंबाखू साधारण ३५० अंशांच्या आत ठेवली जाते. म्हणून इंग्रजीत याला ‘हीट नॉट बर्न’ म्हणतात. यातलं सर्वांत गाजलेलं नाव आयकॉस. फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीने ते २०१४ मध्ये जपानच्या नागोया आणि इटलीच्या मिलान शहरांत पहिल्यांदा बाजारात आणलं.

न जळण्याचा फायदा खोटा नाही. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरतात. यातली बरीचशी जळण्यातून तयार होतात. जळणं टाळलं की त्यांचं प्रमाण घटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० च्या जुलैमध्ये आयकॉसला ‘पूर्णपणे या यंत्राकडे वळल्यास घातक रसायनांशी येणारा संपर्क कमी होतो’ अशा अर्थाची जाहिरात करण्याची परवानगी दिली. पण त्याच वेळी ‘आजाराचा धोका कमी होतो’ असं म्हणण्याची परवानगी नाकारली. संपर्क कमी झाला म्हणजे आजार तेवढाच कमी झाला, असा हिशेब शरीर मांडत नाही, हे त्या निर्णयामागचं तत्त्व होतं. हृदयाच्या बाबतीत तर थोड्या धुरानेही बरंच नुकसान होतं. निकोटिन मात्र या यंत्रातून सिगारेटच्या जवळपास जाईल इतकं मिळतं. म्हणजे व्यसन ज्या पदार्थाचं आहे, तो पदार्थ जिथल्या तिथे राहतो.

मग सुटतं का?

एखादी वस्तू सिगारेटपेक्षा कमी घातक आहे का, हा एक प्रश्न. तिच्यामुळे सिगारेट सुटते का, हा दुसरा. दुकानदार या दोन प्रश्नांना एकच उत्तर देतो. भावाला दुबईच्या मित्राने तेच दिलं होतं आणि आम्ही ते जसंच्या तसं घेतलं.

वैद्यकातले पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ च्या जानेवारीत याच विषयावर आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी १३ अभ्यास घेतले. त्यातल्या ११ चाचण्या होत्या आणि त्या सगळ्यांना पैसा तंबाखू कंपन्यांनी दिला होता. लोकांच्या रक्तात-लघवीत कोणती रसायनं किती उतरली, हे या चाचण्यांनी मोजलं. पण ‘यातल्या किती जणांची सिगारेट सुटली?’ हा आकडा एकाही अभ्यासाने दिला नाही. ज्या कारणासाठी माझ्या भावाने हे यंत्र घेतलं, नेमकं त्याच कारणाचं उत्तर कुणी शोधलेलं नव्हतं. ते न शोधणाऱ्यांत यंत्र विकणारे स्वतः होते.

मित्र म्हणतील, जपानकडे बघा. बघायलाच हवं. जपानमध्ये निकोटिनच्या द्रवाला औषधाचे नियम लागू असल्याने व्हेपला वाट नव्हती, म्हणून तापवलेल्या तंबाखूला मोकळं रान मिळालं. तिथल्या तंबाखूच्या बाजारात आज या कांड्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. त्या आल्यानंतर साध्या सिगारेटची विक्री आधीपेक्षा जास्त वेगाने घसरली, हेही कॉक्रेनच्या आढाव्यात नमूद आहे. ही लहान गोष्ट नाही आणि ती लपवून लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण घसरली ती विक्री. माणसं तंबाखूतून बाहेर पडली की एका दुकानातून शेजारच्या दुकानात गेली, हे विक्रीचे आकडे सांगत नाहीत. जपान आणि दक्षिण कोरियातली पाहणी एक गोष्ट वारंवार दाखवते. ही यंत्रं वापरणाऱ्यांतला मोठा भाग सोबत सिगारेटही ओढत राहतो. घरात यंत्र, बाहेर सिगारेट. याला ते ‘दुहेरी वापर’ म्हणतात.

इथे व्हेपची बाजूही सांगायला हवी. निकोटिनच्या व्हेपमुळे सिगारेट सोडायला मदत होते, याचा पुरावा कॉक्रेनच्याच वेगळ्या आढाव्यात चांगला भक्कम आहे. ब्रिटन सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासोबत व्हेप देण्याची योजना जाहीर केली, ती त्याच आधारावर. त्या धोरणाबद्दल वाद आहेत, विशेषतः शाळकरी मुलांमध्ये व्हेप पसरल्याबद्दल. पण तो पुरावा व्हेपचा आहे. तो उचलून तापवलेल्या तंबाखूच्या पाठीवर चिकटवणं ही चलाखी आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच नाव असल्यामुळे ती सहज खपून जाते.

रमजानमध्ये कळलेली गोष्ट

आम्हाला खरी गोष्ट समजली ती रमजानमध्ये. भाऊ रोजे पूर्ण ठेवतो. पहाटेपासून मगरिबपर्यंत साडेतेरा तास तो काही ओढत नव्हता, यंत्रही नाही. हुक्का असो, बिडी असो की हे नवं यंत्र, ओढल्याने रोजा तुटतो याबद्दल उलेमांमध्ये मतभेद नाही. एका संध्याकाळी मी त्याच्या घरी इफ्तारला होतो. त्याने खजूर तोंडात टाकला, पाण्याचे दोन घोट घेतले आणि भज्यांच्या ताटाकडे न बघता गॅलरीत गेला. नमाजही नंतर. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. पाच मिनिटांनी तो परत आला तेव्हा चेहऱ्यावर जो निवांतपणा होता, तो मी आधी पाहिलेला होता. अब्बांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या इफ्तारनंतरच्या पहिल्या बिडीला.

मी विचारलं, “तू तर सोडली होतीस ना?”

तो म्हणाला, “भाई, ये सिगरेट थोडी है.”

ईदनंतर दुबईहून येणाऱ्या कांड्या संपल्या. मित्र दोन महिने येणार नव्हता. भाऊ चार दिवस चिडचिड करत राहिला आणि पाचव्या दिवशी आयटी पार्कच्या फाटकाबाहेर, त्याच टपरीवर, त्याच घोळक्यात परत गेला. पुढे कांड्या आल्या तेव्हा त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं, पण सिगारेट आता गेली नाही. घरात मुलगी लहान म्हणून घरी यंत्र, ऑफिसात सिगारेट. आठ-दहा सिगारेटींच्या जागी पाच-सहा सिगारेटी आणि सात-आठ कांड्या. दिवसाचं निकोटिन कमी झालं नव्हतं, कदाचित वाढलंच होतं.

मी त्याला दोष देत नाही. त्याने मनापासून प्रयत्न केला होता. पण त्याने सिगारेट ‘बदलली’ आणि आम्ही सगळ्यांनी त्याला ‘सोडली’ म्हटलं. त्या शब्दाने मोठं नुकसान केलं. सोडली म्हटल्यावर पुढचं पाऊल टाकायची गरज उरली नाही. अम्मीने दुआ मागणं थांबवलं, मी विचारणं थांबवलं, आणि त्याचा स्वतःचा निश्चयही तिथेच थांबला. जोवर तो सिगारेट ओढत होता, तोवर त्याला ती सोडायची होती. यंत्र हातात आल्यावर सोडण्यासारखं काही राहिलंच नाही.

जुनीच चाल

असं पहिल्यांदा होत नाहीये. गेल्या शतकाच्या मध्यावर सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध डॉक्टरांनी दाखवला तेव्हा कंपन्यांनी फिल्टर आणला. पुढे ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आल्या. ज्यांनी कदाचित सोडली असती ते लाइटवर गेले आणि ओढत राहिले. अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये निकाल दिला, की लाइट सिगारेट कमी घातक नाही हे कंपन्यांना माहीत होतं आणि त्यांनी लोकांना फसवलं. नवीन यंत्र म्हणजे हुबेहूब तेच, असं मी म्हणणार नाही. लाइटमध्ये रसायनं खरोखर कमी होत नव्हती, इथे बरीच होतात. पण सोडायच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला थांबवून ठेवण्याचं काम दोन्ही सारखंच करतात.

आपल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे तंबाखू नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी नावाने घरात येते. मिश्री दात घासायला म्हणून येते आणि बायकांच्या तीन-तीन पिढ्या तिच्यात अडकतात. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या शेजारी-शेजारी लटकू लागल्या. त्या एकत्र केल्या की झाला गुटखा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, बाकीचा सगळा भार खाणाऱ्यांचा. आर. आर. आबा २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवारांची २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ते जाहीर सभांत तंबाखूपासून दूर राहायला सांगतात. इतकी मोठी उदाहरणं डोळ्यांसमोर असूनही आपण नाव बदललं की फसतो.

बंदी आहे, पण कशावर?

भारतात हे यंत्र बेकायदा आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट, ई-हुक्का आणि तापवलेल्या तंबाखूची यंत्रं अशा सगळ्यांचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात त्यात बंद केली आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. दुबईहून मित्राच्या बॅगेतून येणारी कांडी ही आयातच असते, हे भावाला मी फार उशिरा सांगितलं.

मी या बंदीच्या विरोधात नाही. ज्या वस्तूने सिगारेट सुटते याचा पुरावा नाही आणि जिच्यामुळे शाळा-कॉलेजातली नवी पोरं निकोटिनला लागू शकतात, ती बाजारात नसलेली बरी. पण बंदी घालून सरकारची जबाबदारी संपते का? कायद्याने सर्वांत घातक वस्तू, म्हणजे जळणारी सिगारेट आणि बिडी, जागच्या जागी ठेवली. आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसी या सिगारेट कंपनीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास समभाग आहेत. तोंडाच्या कर्करोगाने २०११ मध्ये गेलेले राज्याचे माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर आणि इतरांनी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकारी विमा कंपन्यांच्या अशाच गुंतवणुकीविरुद्ध जनहित याचिका केली. एका हाताने कर्करोगाची चित्रं छापायची आणि दुसऱ्या हाताने लाभांश घ्यायचा, हा सवाल त्यांनी विचारला, तो योग्यच होता.

खराडीच्या टपरीवरचीच गोष्ट घ्या. २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आणली. कारण साधं होतं. पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र असतं. २०१८ पासून त्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबरही छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, म्हणून चित्र दिसत नाही आणि नंबरही दिसत नाही. भाऊ बारा वर्षं सिगारेट ओढत होता, पण तो नेहमी सुटी घ्यायचा. मी त्याला नंबराबद्दल विचारलं, तर त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. दुबईच्या कांडीच्या खोक्यावर तर तो असण्याचा प्रश्नच नाही. आजही तुम्ही त्या टपरीवर जा, सुटी सिगारेट मागा, मिळेल. कुणी अडवणार नाही.

जे खरंच काम करतं

तो नंबर आहे १८००-११-२३५६. फुकट आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही ही सेवा चालते, त्यामुळे मराठीत बोलता येतं. पलीकडचा माणूस भाषण देत नाही. दिवसाला किती ओढता, उठल्यावर किती वेळात पहिली लागते, याआधी कधी सोडली होती, परत कशाने सुरू झाली असं विचारतो. मग एक तारीख ठरवून घेतो आणि पुढे पुन्हा फोन करतो.

निव्वळ मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. औषध आणि समुपदेशन जोडलं की हे प्रमाण दुपटीहून जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे. तापवलेल्या तंबाखूची नाही. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. मात्र तो साध्या च्युइंगगमसारखा चावत राहिलात तर उचक्या लागतात, मळमळतं आणि माणूस ‘हे आपल्याला झेपत नाही’ म्हणून फेकून देतो. तो हळू चावायचा, जीभ झणझणली की गालात दाबून ठेवायचा, झणझण कमी झाली की पुन्हा चावायचा. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला चार मिलिग्रॅम लागतो, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट असतात. तीन-चार आठवड्यांनी तलफ बरीच उतरते. आणि गमचा एक मोठा गुण असा की तो दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करण्यासाठी बनवलेला असतो. कांडी कुणी बंद करण्यासाठी बनवत नाही.

आता अंतर मोजा. भावाच्या ऑफिसच्या फाटकापासून टपरी चाळीस पावलांवर आहे. तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत समुपदेशन केंद्र ठेवलेलं असतं. पण पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दंत महाविद्यालयांतही अशी केंद्रं असतात, पण रात्रपाळी करून झोपलेला माणूस दुपारी उठून तिथे जाणार कधी? म्हणून तो तेच घेतो जे मित्राच्या बॅगेत आलं. तापवलेल्या तंबाखूचा धंदा आपल्या या अंतरावर चालतो.

हे अंतर कमी करणं फार अवघड नाही. खराडी-चंदननगर भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ तंबाखू सोडण्याची ओपीडी सुरू करता येईल. निकोटिन गम तिथे फुकट किंवा नाममात्र दरात देता येईल. ज्या कंपन्या दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या रक्तदाब-साखरेच्या तपासण्या करतात, त्यांनी त्याच शिबिरात एक समुपदेशक बसवावा. सुट्या सिगारेटच्या बंदीची अंमलबजावणी नुसते गरीब टपरीवाल्याला पकडून होणार नाही. त्याला माल देणाऱ्या वितरकापर्यंत जायला हवं. आणि आपल्या वस्त्यांत, जिथे रमजानभर हजारो माणसं रोज तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय राहून दाखवतात, तिथे मशिदीच्या सूचनाफलकावर इफ्तारच्या वेळेशेजारी तो एक नंबर लावता येईल. ओढणं हराम की मकरूह, ही चर्चा शतकानुशतकं चालली आहे, पुढेही चालेल. रोजाने जे तेरा तास हातात दिले, ते चोवीस कसे करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या महिन्यात गम आणि फोनची साथ मिळाली, तर तो निर्धार ईदनंतरही टिकू शकतो.

सिगारेट न सोडलेल्या वाचकालाही एक सांगतो. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लोकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ४४ या वयात सोडणाऱ्याला, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, आयुष्याची सुमारे ९ वर्षं परत मिळतात. त्याआधी, २५ ते ३४ मध्ये सोडली तर जवळपास १०. हा हिशेब सोडणाऱ्यांचा आहे. बदलणाऱ्यांचा असा हिशेब अजून कुणाकडे नाही, कारण ही यंत्रं येऊन तेवढी वर्षंच झालेली नाहीत. माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. त्याची मुलगी दीड वर्षाची.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याला माझी चूक सांगितली. म्हटलं, मी लोकांना सांगत फिरलो की तू सोडलीस, आणि तू सोडलेली नव्हतीस. तो रागावला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने फोन करून नंबर मागितला. यंत्र त्याने कपाटात ठेवलंय, फेकलेलं नाही. गम चावतो, पहिल्या आठवड्यात चुकीचा चावला, आता नीट चावतो. मध्ये एकदा ऑफिसच्या पार्टीनंतर दोन सिगारेटी झाल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला सांगितल्या.

अम्मी विचारते, “छोड दिया क्या?”

तो आता ‘हो’ म्हणत नाही. म्हणतो, “छोड रहा हूँ, अम्मी. दुआ करो.”